संयोगिताचा कप्पा

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे आणि माझा स्वभाव जळका आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे माझ्या बोलण्यात कुठे आंबटपणा आला तर तुम्हाला नवल वाटायला नको. सांगलीत राजमती आणि धन्यकुमार या नवराबायकोच्या घरी, मधल्या खोलीत खिडकीशेजारच्या टेबलावर मी गेली बारा वर्षं बसून आहे. त्यातली पहिली पाच वर्षं मी राज्य केलं. उरलेली सात मी नुसता बघत बसलो.

माझा जन्मही सांगलीतलाच, एका दुकानाच्या पोटमाळ्यावर. सोनम नावाच्या मुलीने मला जोडलं. पंखा, तारा, पत्र्याचा डबा असं सगळं एकेक करून तिने बसवलं, शेवटचा स्क्रू पिळला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "चल रं गड्या, लाग कामाला!" असा आशीर्वाद मिळालेला मी.

राजमती तेव्हा एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क होती. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिने कॉम्प्युटरचा कोर्स केला, लेकीच्या वयाच्या पोरींबरोबर परीक्षा दिली आणि एक्क्याण्णव मार्क मिळवले. त्याच आठवड्यात मी घरी आलो. तिने मला हळदकुंकू लावलं आणि आपल्या जुन्या इरकली साडीच्या पदराची खोळ शिवली. त्या खोळीचा मला इतका गर्व होता की ती काढली की मला उघडंउघडं वाटायचं.

तिची एक शिस्त होती. सकाळी आंघोळ, मग बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात दर्शन, आणि घरी आल्यावर बरोबर नऊ वाजता माझ्यापुढे. आलेले मेल ती वरून खाली एकदाच वाचायची. दोन ओळींत उत्तर देण्याजोग्यांना तिथल्या तिथे उत्तर द्यायची, ज्यात काम असेल ते वहीत उतरवायची, बाकीचे पुसून टाकायची. पावणेदहाला इनबॉक्स रिकामा, मी बंद आणि ती शाळेत. दिवसभरात मग माझ्याकडे डोकावायचंही नाही. धन्यकुमार तिला चिडवायचे, "काय गं, तुजं टपाल हापिस उगाडलं का?"

त्या टपालात एक टपाल वेगळं असायचं. संयोगिता तिची कॉलेजातली मैत्रीण, कराडजवळच्या मलकापूरची. तिचे यजमान फौजेत सुभेदार. आज झाशी, उद्या पठाणकोट, परवा आणखी कुठे. ती राजमतीला लांबलचक मेल लिहायची. तिथे मिळणारी वांगी कशी बेचव असतात, थंडीत कपडे कसे काठीसारखे ताठ वाळतात, यजमान सीमेवर गेले की घड्याळ कसं पुढे सरत नाही. वाचताना राजमती एकटीच हसायची आणि कधी पदर डोळ्यांना लावायची. ही पत्रं शाळेच्या आणि बँकेच्या गर्दीत हरवू नयेत म्हणून तिने कोर्समध्ये शिकलेली एक युक्ती केली. संयोगिताच्या नावाचा वेगळा कप्पा उघडला आणि नियम लावून दिला की तिचा मेल आला की इनबॉक्समध्ये न थांबता त्याने थेट या कप्प्यात जाऊन बसावं. नऊ वाजता ती आधी तो कप्पा उघडायची. हा नियम माझ्याच कीबोर्डवर लिहिला गेला होता. माझ्या आयुष्यातलं सर्वांत नीटनेटकं काम म्हणून मी तो मिरवायचो.

आणि मग तो आला.

पुण्याहून तिचा मुलगा धवल आला आणि त्याने तळहाताएवढा एक मोबाईल आईच्या हातात ठेवला. "आई, आता सगळं ह्याच्यातच. मेलसुद्धा." सगळं! मी तिथेच बसलो होतो हो, दोन हातांवर! निदान माझ्या तोंडावर तरी म्हणायचं नव्हतं.

मित्रांनो, माझा जळफळाट तुम्हाला काय सांगू. त्याला ती उशीजवळ घेऊन झोपायची. माझ्यावर बोटभर धूळ आणि त्याला दिवसातून दहादा पदराने पुसायची. त्याच्या काचेला एक चरा गेला तर घरात सुतक आल्यासारखं वातावरण, आणि माझा पंखा महिनाभर घरघरत होता तेव्हा धन्यकुमार म्हणाले, "दार लावा त्या खोलीचं." ती रिटायर झाल्यावर तर नऊची वेळही गेली. माझ्या डोक्यावर मेतकुटाची बरणी आली आणि स्क्रीनच्या कोपऱ्यावर धन्यकुमारांची टोपी. इरकली खोळ तेवढी अंगावर राहिली.

तिची शिस्तही त्यानेच बिघडवली, असं मी म्हणायचो. तो दिवसभर ट्रिंग करायचा आणि ती दिवसभर उचलायची. भाजी चिरताना अर्धा मेल वाचायचा, "निवांत उत्तर देऊ" म्हणून ठेवून द्यायचा. तो निवांतपणा कधी आलाच नाही. न वाचलेले मेल चार हजारांच्या वर गेले. माणसांशी बोलणंही पातळ झालं. संयोगिता आता मलकापुरात कायमची राहायला आली होती, दोन वर्षांपूर्वी सुभेदार वारले होते, मुलगा जयराजही फौजेत लांब. तिला राजमती रोज सकाळी एक गुलाबाचं चित्र पाठवायची, खाली 'शुभ सकाळ'. ती उलट हात जोडायची. पत्रं बंदच झाली. मी मनात म्हणायचो, बघ, हा तुझा लाडका!

यंदा श्रावण सरता सरता संयोगिताचे जोडलेले हातही यायचे थांबले. राजमतीने फोन केले, ती उचलेना. एक दिवस माझ्याच टेबलाला टेकून ती धन्यकुमारांना म्हणाली, "आवं, संयू बोलत न्हाई माज्याशी. माझं काय चुकलं तेबी सांगत न्हाई. चाळीस वर्षांत असं कवा झालं न्हवतं."

"कामात आसंल," ते म्हणाले.

"न्हाई वो. रुसली हाय ती."

पदराचं टोक ती बोटाला गुंडाळत राहिली. आणि मला, सांगायला लाज वाटते, बरं वाटत होतं. मोबाईलचं पितळ उघडं पडलं म्हणून.

भाद्रपदात त्यांचं दशलक्षण पर्व आलं. या दहा दिवसांत बस्तीत मुनिमहाराजांसमोर प्रत्येक जण काही ना काही सोडण्याचा नेम घेतो. कुणी गोड सोडतं, कुणी मीठ. धन्यकुमारांनी चहा सोडला आणि दुसऱ्याच दिवसापासून ते सगळ्यांवर डाफरू लागले. राजमती घरी आली, मोबाईल बंद करून कपाटात ठेवला आणि म्हणाली, "धा दिवस ह्याला हात लावणार न्हाई. नेम घेतलाय."

मित्रांनो, त्या दिवशी मला पंखा असता तर... आहेच म्हणा, पण तो बंद होता. नाहीतर मी आनंदाने गरगरलो असतो.

पाच दिवस ती माझ्याजवळूनच जायची-यायची. सहाव्या दिवशी, मंगळवारी, बस्तीतून आली आणि उभी राहिली. बरणी उचलली. टोपी खुंटीला लावली. खोळ काढली. "संयूची जुनी पत्रं तरी वाचते," ती स्वतःशीच म्हणाली. घड्याळात बघितलं मी. नऊ वाजले होते!

मी खोकत-घरघरत उठलो. चांगली सात मिनिटं घेतली, पण उठलो. तिने पासवर्ड घातला. आणि तिथे माझी फजिती झाली. इतक्या वर्षांनी आलेल्या बाईला मेल ओळखेना. मला तिच्यापुढे एक ओळ धरावी लागली की तुमच्या मोबाईलवर सहा आकडी कोड पाठवला आहे, तो इथे लिहा.

म्हणजे माझ्या घराची किल्ली त्याच्याकडे! मला वाटलं, इथेच शॉर्ट होऊन मरून जावं.

राजमती हात मांडीवर ठेवून बसली. "आता गं बाई. त्याला तर हात लावायचा न्हाई."

धन्यकुमार दारात होते, बिनचहाचे. "आगं, नेम तुजा हाय, माजा न्हवं," म्हणत त्यांनी कपाट उघडलं, मोबाईल चालू केला, चष्मा चढवला आणि एकेक आकडा मोठ्याने वाचला. दार उघडलं. चार हजार मेलांकडे न बघता तिने संयोगिताचा कप्पा उघडला.

सगळ्यात वर एक नवं पत्र होतं. ठळक अक्षरात, न वाचलेलं. अठरा दिवसांपूर्वीचं.

'राजी, फोनवर बोलायला गेले की रडू येतं, म्हणून पहिल्यासारखं लिहिते. छातीत गाठ निघाली आहे. मिरजेत ऑपरेशन आहे, अनंत चतुर्दशीच्या आधीच्या गुरुवारी. जयराजला तोवर सुट्टी मिळत नाही. बुधवारी दाखल व्हायचं आहे. तू तेवढी जवळ असावीस असं वाटतं. तुमचं पर्व असतं तेव्हा, मला माहीत आहे. नाही म्हणालीस तरी चालेल, पण एक ओळ लिही.'

राजमतीने ते दोनदा वाचलं. मग तिच्या ध्यानात आलं, आणि तिच्याबरोबर माझ्याही. हे पत्र मोबाईलवर वाजलंच नव्हतं. इनबॉक्समध्ये जे थांबतं तेच तो वाजवतो, आणि हे पत्र तिथे थांबलंच नव्हतं. माझ्यावर लिहिलेल्या, पण मी बंद असतानाही मेलमध्ये चालूच राहिलेल्या त्या नीटनेटक्या नियमाने ते उचललं होतं आणि गुपचूप कप्प्यात नेऊन ठेवलं होतं. मी सात वर्षं ज्याच्या नावाने बोटं मोडत होतो, तो या बाबतीत निर्दोष होता.

"म्याच केला हुता हा कप्पा," ती म्हणाली. "ती हरवू नये म्हनून."

तिने उत्तर लिहायला घेतलं. 'संयू' एवढं लिहिलं आणि थांबली. मी सगळं बळ एकवटून उभा होतो. लिही गं, माझ्यावर लिही, क्षणात पोचवतो! पण तिला कळत होतं की मेल संयोगिता कधी उघडेल याचा भरवसा नाही, आणि उद्या बुधवार होता. ती उठली. धन्यकुमारांच्या हातातून तिने मोबाईल घेतला.

"आगं, नेम!" ते म्हणाले. "थांब, मी लावतो फोन."

"तुमी लावलासा तर ती तुमच्याशी बोलंल. माज्याशी न्हाई." तिचे डोळे भरले होते. "नेम मोडला तर महाराजांकडनं प्रायश्चित्त घेईन. संयू तुटली तर कुणाकडं जाऊ?"

तिसऱ्यांदा लावल्यावर पलीकडून फोन उचलला गेला. स्पीकर चालू होता, मला सगळं ऐकू आलं.

"बोला," संयोगिता म्हणाली. चाळीस वर्षांच्या मैत्रिणीला 'बोला'.

"संयू, पत्र आत्ता वाचलं गं. आत्ता, ह्या घटकेला."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "अठरा दिवस झालं, राजी. पर्व लागंपर्यंत रोज गुलाब धाडत हुतीस. मला वाटलं, वाचलंस आन गुलाब धाडलास."

"न्हाई गं. माझी चूक झाली. उद्या किती वाजता दाखल व्हायचं?"

"धाला." मग एकदम तिचा आवाज फुटला. "लय भ्या वाटतंय गं."

"मी मलकापूरला येते न्यायला. आत्ताच निघते."

मला बंद करायचंही ती विसरली. मी तो अर्धा मेल, नुसतं 'संयू', स्क्रीनवर धरून दिवसभर जागा राहिलो. मला राग आला नाही. पहिल्यांदाच आला नाही.

ऑपरेशन झालं. रविवारी, पर्व संपल्यावर येणाऱ्या क्षमावाणीच्या दिवशी, राजमती संयोगिताला आपल्याच घरी घेऊन आली. त्या दिवशी सगळे एकमेकांची वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतात. दरवर्षी राजमती एकच चित्र दोनशे जणांना पाठवून मोकळी व्हायची. यंदा तिने एकालाही पाठवलं नाही. माझ्याशेजारच्या खुर्चीत संयोगिताला बसवलं, तिच्यापुढे खाली बसून हात जोडले. "उत्तम क्षमा, संयू." संयोगिताने ते हात धरले आणि म्हणाली, "ऊठ गं, गुडघं दुखत्यात तुजं."

मग मीही मनातल्या मनात मोबाईलची क्षमा मागितली. त्याने ऐकली की नाही, ठाऊक नाही. तो माझ्याच खाचेत वायर खुपसून माझ्याच विजेवर चार्ज होत होता.

आठव्या दिवशी तपासणीचा रिपोर्ट मेलवर आला. आधी वाजला तोच. पण त्याच्यावर अक्षरं मुंगीएवढी. दोघी माझ्यापुढे आल्या, खुर्चीला खुर्ची लावून बसल्या आणि मी ते अक्षर अन् अक्षर मोठं करून दाखवलं. गाठ साधी होती. दोघी माझ्यासमोरच रडल्या. ट्रिंग त्याची, अक्षरं माझी. त्या दिवशी आम्ही दोघं बरोबरीने उपयोगी पडलो.

आता नऊची वेळ परत आली आहे. मोबाईलचं मेलचं वाजणं तिने बंद केलं आहे. तो कप्पा आहे, पण नियम काढून टाकला. संयोगिताचं पत्र आता सगळ्यांच्या गर्दीत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतं. वाचून झाल्यावर राजमती स्वतःच्या हाताने ते कप्प्यात ठेवते.

तर मित्रांनो, आम्हा यंत्रांची धूळ पुसा, आमचे पंखे साफ ठेवा, एवढं तर कोणतंही जुनं यंत्र तुम्हाला सांगेल. मला आणखी एक मागायचं आहे. कागदांना कप्पे करा, बिलांना करा, पण जिवाभावाच्या माणसाला नीट जपून ठेवलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याचं दार रोज आपल्या हाताने उघडा. आम्ही यंत्रं सांगितलं तेवढंच करतो, आणि सांगणारा विसरला तरी करतच राहतो.

माझा मत्सर गेला का, असं विचाराल. छे! आज सकाळीच तिने त्याला पदराने पुसलं, आणि माझ्या आत काहीतरी घरघरलं. मग तिने तोच पदर माझ्या स्क्रीनवरून फिरवला, आणि मी गप्प बसलो.