हॅलोबीची ठवणी आणि दहावा सर्ग

मित्रांनो, लोक माझ्यावर ओले कोट टाकतात म्हणून मला खुंटी समजू नका. मागच्या भाजी-प्रदर्शनात माझ्या डोक्यावर एक भला मोठा भोपळा बसवला होता, म्हणून मला पाटही समजू नका. मी ठवणी आहे. ग्रंथ अंगावर घेऊन उभी राहणारी, माणसाच्या छातीइतक्या उंचीची, ओकच्या लाकडाची जुनी ठवणी. विलायतेत, लिंकनशायरच्या पाणथळ मुलखात हॅलोबी नावाचे गाव आहे. तिथल्या प्रार्थनामंदिराला लागून एक सभागृह आहे आणि त्याच्या कोपऱ्यात माझा मुक्काम असतो.

मला एझ्रा सुताराने मंदिराच्या मोडक्या बाकांतून घडवले. ग्रंथ घसरू नये म्हणून त्याने माझ्या खालच्या कडेला एक जाड पट्टी ठोकली. "घ्या मास्तर," तो म्हणाला, "आता तुमच्या ग्रंथातले देवदूत खुशाल खाली पडू देत, ग्रंथ काही पडायचा नाही!" सगळे हसले. मास्तरही हसले. त्या काळी ते हसत असत.

हे मास्तर म्हणजे कथबर्ट हॅल्डनबी, गावच्या शाळेचे शिक्षक. बायको लवकर गेलेली, घरात ते आणि त्यांची एकुलती एक मुलगी ज्यूडिथ. मास्तरांना वेड एकाच गोष्टीचे होते, ते म्हणजे एका जुन्या इंग्रजी महाकाव्याचे. बायबलातली अगदी पहिली कथा त्यात आहे. देवाविरुद्ध सैतानाचे बंड, स्वर्गातून त्याची हकालपट्टी, ती पहिली बाग, ते एक फळ, आणि मग पहिल्या पुरुषाला नि पहिल्या बाईला बाग सोडून जावे लागते ते. असे बारा सर्ग. भाषा अशी जडजंबाळ की शहाणासुरता माणूसही एका वाक्यात शिरला तर दुसऱ्या टोकाला घामाघूम होऊन बाहेर पडावा.

मास्तर म्हणत, "हा ग्रंथ डोळ्यांनी कळत नाही. तो कानांनी कळतो." म्हणून त्यांनी गावात एक प्रथा पाडली. सुगी संपली की एका शनिवारी सगळे गाव सभागृहात जमायचे आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत सगळा ग्रंथ मोठ्याने वाचायचा. ज्याने त्याने आपला तुकडा माझ्यापाशी उभे राहून वाचायचा. त्यासाठीच तर माझा जन्म झाला.

पण पहिल्याच वर्षी भांडण! ज्याला त्याला सैतानाची भाषणे हवी होती, आणि देवाचे बोलणे घ्यायला कुणीच तयार नव्हते. "देव बोलायला लागला की मला शाळेतल्या सकाळच्या सूचना आठवतात," असे चहाची टाकी सांभाळणाऱ्या ईनिड स्प्रॅग बाईंनी तोंडावर सांगितले. शेवटी मास्तरांनी टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. वॉल्टर टगवुड खाटकाला सैतानाची फार हौस, पण त्याच्या हाती दरवर्षी देवच लागायचा. "पुन्हा देव? अहो, मी काय पाप केलंय?" असे तो ओरडायचा आणि मग डुकराच्या मांसाचा भाव सांगावा तशा आवाजात देवाची भाषणे वाचायचा.

मधल्या वेळात चहा नि मनुक्यांचा पाव असे. तेव्हा मास्तर मोठमोठ्या पंडितांची मते सांगत. कुणी म्हणे, असे काव्य इंग्रजीत दुसरे नाही. कुणी म्हणे, ही इंग्रजीच नाही, लॅटिनचा कोट घातलेली कसली तरी भाषा आहे. कुणी म्हणे, कवी निघाला देवाची बाजू मांडायला आणि जीव जडला त्याचा सैतानावर. मास्तर ही सगळी मते ऐकवत आणि शेवटी आपले एकच सांगत, "काही झालं तरी ग्रंथाचा अर्थ एवढाच, की आज्ञा मोडली आणि सुख गेलं."

ग्रंथ माझ्या अंगावर असायचा, पण मला तो कळत होता असे मी म्हणणार नाही. मला वाचणाऱ्यांचे हात कळायचे. सैतान वाचताना माणसे माझ्या दोन्ही कडा घट्ट धरत, फळाच्या प्रसंगाला त्यांच्या तळव्यांना घाम येई. बाकीचे वर्षभर मात्र मी एकटीच असे. सभागृहाला कुलूप, खिडकीबाहेर बिटाची काळी शेते, आणि आत मी.

मग ते वर्ष आले. ज्यूडिथ विद्यापीठात शिकून, तिथेच शिकवायला लागून, सुट्टीला आली होती. याच ग्रंथावर तिने प्रबंध लिहिला होता. बापाला किती अभिमान! "आज चहाच्या वेळी माझी ज्यूडी बोलेल," असे त्यांनी स्वतःच जाहीर केले.

ती माझ्यापाशी येऊन उभी राहिली. तिचे हात थंडगार होते. ती म्हणाली, "सगळे त्या फळापाशीच अडकून बसतात. पण फळ खाल्ल्यावर ती दोघं भांडतात ना, ते बघा. तो म्हणतो तुझ्यामुळे, ती म्हणते तुझ्यामुळे. मग दहाव्या सर्गात ती आपणहून त्याच्याकडे येते. तो अंगावर ओरडतो, तरी जात नाही. सगळी शिक्षा मला एकटीला होऊ दे, म्हणते. तिथं ग्रंथ वळतो. सैतानाच्या सगळ्या भाषणांपेक्षा ते धाडस मोठं आहे, कारण भांडण झाल्यावर आधी बोलायला यायचं, ते तिला जमलं."

मला वाटले, आता मास्तर उठून तिची पाठ थोपटतील.

मास्तर उठले खरे. "वा! म्हणजे दूध सांडायचं आणि वर फडकं आणलं म्हणून बक्षीस मागायचं! चूक जिची, तिनं माफी मागितली. त्यात धाडस कसलं आलंय, बाईसाहेब? विद्यापीठात हेच शिकवतात का हल्ली?"

गाव खो खो हसले. वॉल्टर तर हसून हसून लाल झाला. ज्यूडिथ हसली नाही. "बाबा, तुम्ही आयुष्यभर हा ग्रंथ वाचलात," ती म्हणाली, "पण आईशी भांडण झालं की आधी कधी बोललात का हो तुम्ही? एकदा तरी?"

मास्तरांचा चेहरा पडला. ज्यूडिथने कोट उचलला आणि ती दुपारच्या बसने निघून गेली.

त्या दिवसापासून बापलेकीत अबोला. ती पत्र लिहीना, हे फोन करीनात. ईनिडबाई चहा ओतता ओतता टोकत, "अहो मास्तर, एक फोन केलात तर काय बिघडेल? टेलिफोन चावत नाही." मास्तर म्हणत, "ती करेल. भर सभेत कोण बोललं? ती. मग आधी येईल कोण? तीच." ईनिडबाई कपाळावर हात मारून घेत. इकडे वार्षिक वाचन चालूच होते, पण दरवर्षी माणसे कमी होत गेली. म्हातारे गेले, तरुण शहरात गेले. खुर्च्या निम्म्या रिकाम्या राहू लागल्या.

मास्तर निवृत्त झाले आणि दुपारी एकटेच सभागृहात येऊ लागले. ग्रंथ माझ्यावर ठेवत आणि रिकाम्या खुर्च्यांना वाचून दाखवत. मित्रांनो, दुसऱ्याचे एकटेपण जवळून पाहिले की आपले विसरायला होते म्हणतात. मला तसे झाले नाही. उलट माझे दुप्पट झाले. वाचता वाचता ते थांबत आणि कुणी समोर बसले आहे असे बोलू लागत. "ज्यूडी, मी त्या दिवशी..." एवढे म्हणत, आणि गप्प होत. पुन्हा, "ज्यूडी, हे बघ..." पुढे शब्द नाहीत. ज्या माणसाला बारा सर्ग पाठ, त्याला एक वाक्य पुरे करता येत नव्हते. मला फार वाटे की सांगावे, मास्तर, या रिकाम्या खुर्च्यांना कशाला, तिलाच सांगा ना! पण ठवणीला कुठले तोंड?

पुढे त्यांची नजर गेली. आधी ते ग्रंथ खिडकीकडे वळवून घेत, मग भिंग आणू लागले, मग नुसता पानावर हात ठेवून उभे राहू लागले. डॉक्टरांनी सांगितले की आता नजर परत येणार नाही. त्या दिवशी त्यांनी माझ्या उतरत्या फळीवर कपाळ टेकले आणि ते रडले. पान भिजले. मी नुसती उभी राहिले, दुसरे काय करणार?

त्या वर्षीच्या सुगीनंतर वाचनाचा शनिवार आला. ईनिडबाईंनी कुणालाही न विचारता ज्यूडिथला फोन केला होता. ती आली आणि अगदी मागच्या खुर्चीवर बसली. केस पिकायला लागले होते तिचे. ईनिडबाईंनी मास्तरांच्या कानाशी जाऊन सांगितले, "ती आलीय. मागे बसलीय. आता तुमचं तुम्ही बघा." मास्तरांनी मान वळवली नाही. सकाळ गेली, दुपार गेली, चहा झाला. एकेक सर्ग सरत होता आणि बापलेक एका छताखाली परक्यासारखी बसली होती. माझा जीव टांगणीला लागला. दिवेलागणीला ती निघून जाईल, आणि पुढच्या वर्षी मास्तर असतील की नाही कुणास ठाऊक!

दहावा सर्ग आला. ती पहिली बाई परत येते, तो तुकडा वॉल्टरच्या चिठ्ठीत निघाला होता. तो घसा खाकरत माझ्याकडे निघाला, एवढ्यात मास्तर म्हणाले, "वॉल्टर, थांब. तो तुकडा मला दे."

"मास्तर, हे बाईचं बोलणं आहे."

"माहीत आहे मला."

"घ्या की मग. मला काय, मला सैतान द्या न् काही नको," वॉल्टर पुटपुटला आणि खाली बसला.

मास्तर उठले. मी वाट पाहत होते. आता ते येतील, माझ्या कडा धरतील, मी त्यांना आधार देईन. पण ते माझ्याकडे आलेच नाहीत. काठी टेकत टेकत, खुर्च्या चाचपत ते मधल्या वाटेने मागे जाऊ लागले. चालता चालता त्यांनी तो तुकडा म्हणायला सुरुवात केली. पुस्तक नाही, ठवणी नाही. मला असे टाकून जाऊ नकोस. चूक माझी आहे, शिक्षाही मला होऊ दे. उरले असतील तेवढे दिवस तरी आपल्यात वैर नको. ग्रंथातल्या बाईचे हे मागणे हॅलोबीत किती जणांनी वाचले होते, पण ते कुणाला तरी उद्देशून म्हणायचे असते हे मला त्या दिवशी कळले.

अर्ध्यावर त्यांचा आवाज अडकला. ते शेवटच्या रांगेच्या अलीकडेच थांबले, कारण ती नेमकी कुठे बसली आहे हे त्यांना दिसत नव्हते.

"ज्यूडी," ते म्हणाले, "तुझं बरोबर होतं. हे फार अवघड आहे गं."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ज्यूडिथ पुढे आली आणि तिने त्यांच्या काठीवरच्या हातावर हात ठेवला. "बाबा, दोन ओळी गाळल्यात तुम्ही," ती म्हणाली.

"गाळल्या नाहीत," मास्तर म्हणाले. "तिथपर्यंत माझ्यानं जाववलंच नाही."

ईनिडबाई डोळ्याला पदरासारखा एप्रन लावून हुंदके देऊ लागल्या, आणि वॉल्टरने खिशातून हे एवढे मोठे फडके काढून नाक शिंकरले. त्या वर्षी ग्रंथ पुरा झाला नाही. उरलेले दोन सर्ग तसेच राहिले. बापलेक हात धरून घरी गेली, लोक खुर्च्या रचून निघून गेले, आणि कुणीतरी बाहेरून कुलूप लावले.

ग्रंथ माझ्यावर उघडाच राहिला होता. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले वाचन माझ्यावाचून झाले होते. मला वाईट वाटले का? हो, वाटले. खोटे कशाला बोलू?

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारखी जुनी ठवणी कुठे दिसली तर तिची धूळ पुसा, वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा आणि तिच्यावर एखादा चांगला ग्रंथ ठेवा. पण घरात कुणाशी अबोला धरला असेल, तर आधी तिकडे जा. मी लाकूड आहे. मला थांबता येते.