चोपड्याला पायी

लुना न्यायला दीर आला तेव्हा सुनंदा ओट्यावर गहू निवडत बसली होती. भाईदासने किल्ली त्याच्या हातावर ठेवली, ‘‘ब्रेक जरा ढिला आहे, बघून घे,’’ एवढं सांगितलं आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. पाच वर्षं दर रविवारी सुनंदानेच ती लुना फडक्याने पुसली होती. तरी ती गहू निवडत राहिली. महिनाभर त्या घरात बोलण्यासारखं कुणी काही बोललंच नव्हतं.

भाईदास बिऱ्हाडे एसटीत ड्रायव्हर होता. एकोणीस वर्षं त्याने गाडी चालवली. अठ्ठ्याऐंशी साली दिवाळीच्या तोंडावर तो धुळ्याहून जळगावला येत होता. पारोळा सोडल्यावर एका फाट्यावर एक म्हातारी हात दाखवत पळत येताना त्याला दिसली. तिच्यासाठीच त्याने गाडी हळू केली, बाजूला घेतली. म्हातारीचा पाय मुरमावरून घसरला आणि ती मागच्या चाकाखाली गेली. द्रौपदाबाई तिचं नाव. जळगावला लेकीकडे निघाली होती. पिशवीत बाजरीचं पीठ होतं आणि नातवंडांसाठी पुडीत बांधलेली शेव.

चौकशी झाली, कोर्टात केस चालली. प्रवाशांनी साक्षी दिल्या. ड्रायव्हरचा दोष नाही, असा निकाल लागला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी भाईदास म्हातारीच्या गावी गेला. तिच्या मुलाने त्याला खाटेवर बसवलं, चहा पाजला आणि म्हणाला, ‘‘दादा, तुमना काही दोस नही. तिनं तितलंच आयुष्य व्हतं.’’

त्या माणसाने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सुनंदाला पुढे कितीदा तरी वाटलं. भाईदास त्या गावाहून परत आला तो चालत. दोन दिवस लागले. पायांना फोड आले होते. डेपोतल्या साहेबांनी त्याला समजून घेतलं आणि स्टोअरमध्ये बसायचं काम दिलं. तेव्हापासून तो रस्त्यावर धावणाऱ्या कुठल्याही गाडीत बसला नाही. रेल्वेने मात्र जायचा. ‘‘रूळ सोडून ती कुणाच्या अंगावर जात नाही,’’ म्हणायचा. लेक करुणा भुसावळला दिलेली, म्हणून तेवढं तरी जमत होतं.

पण घर होतं जळगावात, हायवेपलीकडच्या नव्या कॉलनीत. प्लॉट घेतला तेव्हा तिथे नुसती काळी माती होती. स्वस्त मिळाला, आणि लुना होतीच. डेपो सहा किलोमीटर, बाजार त्याहून लांब, दवाखाना बाजाराच्याही पुढे. शहरातली बस एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी फाट्यापर्यंत यायची, तीही वर्षभराने बंद झाली. तोवर कॉलनीत घरोघरी स्कूटर आल्या होत्या, त्यामुळे बस गेल्याचं कुणाला काही वाटलं नाही.

भाईदासने सुनंदाला कधी मनाई केली नाही. ‘‘तू रिक्षाने जात जा,’’ असं तो सांगायचाही. पण तो भर उन्हात हायवेच्या कडेने चालत असताना आपण रिक्षातून त्याच्या बाजूने निघून जायचं, हे तिच्याने होईना. मग तीही चालू लागली. दळण डोक्यावर घेऊन गिरणीत जायची. बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन परतताना ट्रक गेला की पदर तोंडावर धरून थांबायची. शेजारच्या नर्मदाबाई मुलाच्या स्कूटरवरून जाताना आधी थांबायच्या, पुढे पुढे नुसता हात हलवायच्या, आणि शेवटी शेवटी दुसरीकडे बघायच्या. त्यांचं तरी काय चुकलं? रोज रोज नाही म्हणणाऱ्याला कुणी किती विचारावं?

सुनंदाचे गुडघे पंचेचाळिशीतच बोलू लागले. कुणाच्या लग्नाला जायचं तर हळदीच्या दिवशीच निघावं लागे. म्हणून मग ती लग्नांना जाईनाशी झाली.

माहेर चोपड्याला. आई भिकुबाई एकटीच राहायची. सुनंदा तिची एकुलती एक. त्र्याण्णवच्या थंडीत भिकुबाई आठ दिवस लेकीकडे येऊन राहिली. जाताना जावयाचा हात धरून म्हणाली, ‘‘जावाईबापू, माले पोऱ्या नही. तुम्हीच खांदा द्याजा.’’

भाईदास म्हणाला, ‘‘देईन, आई. शब्द देतो.’’

सुनंदाने तेव्हा त्याच्याकडे पाहिलं. चोपडा पन्नास किलोमीटरच्या वर, आणि तिथे रेल्वे नाही. पण मरणाच्या गोष्टी लांब असतात तेव्हा माणूस त्यांचं अंतर मोजत नाही.

पुढच्या मे महिन्यात, सकाळी सहाला, नर्मदाबाई स्वतः धावत आल्या. त्यांच्याकडे फोन आला होता. भिकुबाई पहाटे झोपेतच गेली.

सुनंदा ओट्यावर बसली ती उठेचना. भाईदासने तिला पाणी दिलं, तिची पिशवी भरली, तिचे चष्मा-चप्पल शोधून दिले. मग म्हणाला, ‘‘तू सातच्या गाडीने पुढे हो. मी येतो.’’

‘‘कसे येता?’’

तो बाटलीत पाणी भरू लागला.

‘‘आजच्या दिवस,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही डोळे मिटून बसा. मी हात धरते. दोन तासांचा तर प्रश्न आहे.’’

‘‘मी लगेच निघतो. संध्याकाळच्या आत पोचतो. त्यांना सांग, थांबा म्हणावं.’’

आणि खरोखरच, नर्मदाबाईंच्या मुलाच्या स्कूटरवर सुनंदा स्टँडकडे निघाली तेव्हा तो गळ्यात पाण्याची बाटली अडकवून हायवे ओलांडत होता. स्कूटर त्याच्या अगदी जवळून गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती त्याच्या बाजूने गाडीवरून निघून गेली होती. त्याने मान वर केली नाही.

चोपड्याला अंगणात माणसं जमली होती. तिने आईचं तोंड पाहिलं, रडून घेतलं, आणि मग सगळ्यांना सांगितलं की हे येताहेत, थोडं थांबा. कसे येताहेत हे तिने सांगितलं नाही. अकरा वाजले, बारा वाजले. चोपड्याचं मे महिन्यातलं ऊन. मडक्यातलं पाणीही गरम होतं. एक वाजता मोतीआबा, तिचे सर्वांत मोठे काका, तिच्याजवळ येऊन बसले.

‘‘पोरी, आते कितली वाट दखानी? जावाई कोनती गाडीनी येस?’’

तेव्हा तिला सांगावं लागलं. बायकांच्या घोळक्यात कुणीतरी हसलं, आणि कुणीतरी त्या हसणारीला गप्प केलं. चुलतभाऊ रुपचंद बाहेर जाऊन मोटारसायकल घेऊन आला. ‘‘बस, अक्का. आपण आणू त्यांना.’’

अडावद ओलांडून थोडं पुढे भाईदास दिसला. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, आणि मधल्या डांबरावर तो एकटा, डोक्याला ओला रुमाल बांधून. एका चपलेचा अंगठा तुटला होता, तो त्याने सुतळीने बांधला होता. चोपडा अजून पंधरा-सोळा किलोमीटर होतं. सुनंदा उतरली.

‘‘चारला उचलणार आहेत,’’ ती म्हणाली. ‘‘आता थांबत नाहीत कुणी. बसा गाडीवर.’’

‘‘बसतो,’’ भाईदास म्हणाला.

तो खरंच आला. त्याने सीटवर हात ठेवला, पाय उचलून टाकला, रुपचंदच्या खांद्यांना धरलं. रुपचंदने किक मारली. गाडी दहा हातही गेली नसेल. भाईदास ओरडला, कसला आवाज होता तो, सुनंदाने असा आवाज त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. आणि चालत्या गाडीवरून तो खाली कोसळला. कोपर फुटलं. रस्त्याच्या कडेला ओणवा होऊन तो ओकत राहिला. पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं.

सुनंदाने त्याची पाठ चोळली. थोड्या वेळाने तो उठून बसला.

‘‘तू जा,’’ तो म्हणाला. ‘‘तुझी आई आहे.’’

पाच वर्षं ती त्याच्याबरोबर चालली होती. आताही चालली असती तर कुणी तिला नावं ठेवली नसती; उलट चांगलंच म्हटलं असतं. तिने रस्त्याकडे पाहिलं. मग ऊन बाधू नये म्हणून पिशवीत टाकलेला एकुलता एक कांदा त्याच्या खिशात घातला, बाटलीतलं उरलेलं पाणी त्याच्या रुमालावर ओतलं, आणि मोटारसायकलवर बसली. वळणापर्यंत तिने मागे पाहिलं. तो उठून चालू लागला होता.

भिकुबाईला साडेचारला उचललं. खांदा रुपचंदने दिला. मोतीआबा म्हणाले, ‘‘अग्नी पोरच दी,’’ आणि सुनंदाने अग्नी दिला; कुणी काही हरकत घेतली नाही. सुनंदाच्या हाताला चटका बसला, तो तिला घरी आल्यावर कळला.

भाईदास दिवेलागणीला पोचला. अंगणात पाऊल टाकलं तेव्हा लोक जेवायला बसत होते. एकानेही त्याला बोल लावला नाही. मोतीआबांनी त्याच्या पायांवर पाणी घातलं, घमेल्यात मिठाचं गरम पाणी आणून त्याचे पाय आत ठेवले. भाईदास लहान मुलासारखा रडला. ‘‘मी शब्द दिला होता आबा,’’ एवढंच परत परत म्हणत राहिला.

तिसऱ्या दिवशी बुद्धवंदना झाली. सगळ्यांनी त्रिशरण म्हटलं, मग पंचशील. सुनंदा भाईदासच्या शेजारीच बसली होती. ‘पाणातिपाता वेरमणी’ आलं तेव्हा त्याचे ओठ मिटले. कुठल्याही जिवाची हत्या करणार नाही, ही पहिली प्रतिज्ञा. ती सगळ्यांनी म्हटली, त्याने म्हटली नाही. दुसऱ्या शीलापासून त्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. एरवी विहारात बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. पाच-सहा वर्षं तो असाच एक ओळ सोडून म्हणत आला असेल, आणि तिला पत्ताही नव्हता. तिच्या मनातला अडावदच्या रस्त्यावरचा राग त्या क्षणी गेला नाही, पण त्याच्याशी भांडायची इच्छा गेली.

जळगावला परत आल्यावर तिने रिक्षा करायला सुरुवात केली. सांगून केली. ‘‘माझे गुडघे गेलेत,’’ म्हणाली. ‘‘मी बसणार. तुम्ही चाला.’’ तो म्हणाला, ‘‘बरं.’’ पण आता ती त्याच्या आधी घरी पोचायची आणि कुलूप उघडून तासभर एकटीच बसून राहायची. त्याची वाट बघताना हायवेवर कुठे हॉर्न जोरात वाजला, ब्रेक करकचून लागला, की ती उंबऱ्यात येऊन उभी राहायची. एकेकाळी हातात पिशव्या घेऊन बरोबर चालताना ही भीती तिला नव्हती.

दोन वर्षांनी, एका उन्हाळ्यात, भाईदास हायवेच्या कडेला चक्कर येऊन पडला. कुण्या ट्रकवाल्याने त्याला सावलीत नेऊन बसवलं. त्या आठवड्यात सुनंदाने घर भाड्याने द्यायचं ठरवलं. स्वतः वीट वीट पाणी मारून बांधलेलं ते घर, मागच्या अंगणातला शेवगा, न्हाणीपाशी लावलेली कर्दळ, सगळं तिने एका तरुण जोडप्याला दाखवलं. त्यांच्याकडे नवी कोरी स्कूटर होती. ‘‘जरा लांब आहे,’’ ती मुलगी म्हणाली, ‘‘पण गाडी असली की काय.’’

‘‘हो,’’ सुनंदा म्हणाली. ‘‘गाडी असली की काहीच नाही.’’

जुन्या गावात, डेपोपासून दहा मिनिटांवर, एका माडीवर त्यांना दोन खोल्या मिळाल्या. खिडकी समोरच्या भिंतीत उघडायची. दळण, भाजी, दवाखाना, सगळं पायाशी. भाईदास निवृत्त होईपर्यंत तिथून चालत कामावर गेला. कॉलनीतल्या घराचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. ते आपल्यापायी सुटलं, हे त्याला ठाऊक होतं, आणि ते त्याने बोलून दाखवावं असं सुनंदालाही वाटलं नाही.

आईचं घर अजून होतं, म्हणून वर्षातून दोनदा ती चोपड्याला जायची. भाईदास तिला स्टँडवर सोडायला यायचा. ती खिडकीत बसली की तो गाडीला एक पूर्ण फेरी घालायचा. वाकून मागच्या चाकांकडे बघायचा, कडेला कुणी उभं आहे का ते बघायचा, धावत येणाऱ्या एखाद्या म्हातारीला हाताने थांबवून दारापर्यंत आणून सोडायचा. ड्रायव्हर नवीन पोरगा असला तर वैतागायचा. कंडक्टर बेल मारायचा. मग भाईदास दोन पावलं मागे सरकायचा आणि गाडी स्टँडाबाहेर पडेपर्यंत त्याची नजर चाकांवरून हलायची नाही.