लाल रोपांचा हिशेब

मी एक जुनं हिशेबाचं यंत्र आहे. दांडा फिरवा, मी घरर्र करून उत्तर देईन. पण ते गोड असेल याची हमी नाही. मित्रांनो, लोखंडाच्या जिवाला तोंडदेखलं बोलणं जमत नाही. १९५८ साली बैलगाडीतून मला दारव्ह्याजवळच्या एका कपाशी-संशोधन मळ्यात आणलं, तेव्हा सारा मळा बघायला लोटला होता. काय थाट होता माझा!

तिथं अन्सार नावाचा तरुण मदतनीस होता, हंगामी नोकरीवरचा. त्यानं लाल पानांच्या आणि हिरव्या पानांच्या कपाशीचा संकर केला होता. पहिली पिढी सगळी लालसर निघाली. दुसऱ्या पिढीत दर तीन लालसर झाडांमागं एक हिरवं यायला हवं. आता निसर्ग काही तागडी घेऊन बसत नाही, थोडं इकडंतिकडं व्हायचंच. पण फरक सहज पडलेला की कुठं पाणी मुरतंय, हे 'काय-वर्ग' नावाची संख्याशास्त्रातली चाचणी सांगते. मोजलेल्या आणि अपेक्षित आकड्यांतल्या फरकाचा वर्ग करायचा, अपेक्षित आकड्यानं भागायचं, मग बेरीज. उत्तर ३.८४ च्या वर गेलं, की शंका घ्यायची.

अन्सारनं चारशे झाडं मोजली. लालसर हवी होती तीनशे, भरली २७०. हिरवी हवी होती शंभर, भरली १३०. त्यानं दांडा फिरवला. तीन अधिक नऊ, बारा!

"परागाची भेसळ झाली," मळ्याचे प्रमुख भगवानराव म्हणाले. "फेकून दे ते बी. पुढच्या हंगामाले दुसरा माणूस पाहू."

अन्सारची पेन्सिल त्या १३० वर थांबली. पण गड्यानं आकडा खोडला नाही. तो उठला आणि थेट वावरात गेला. मजूर बायांची मुकादम रुपीबाई तिथं निंदण करत होती. तो तिच्याशी बोलला आणि तिला घेऊनच भगवानरावांसमोर उभा राहिला.

"रुपीबाई, विरळणीत जास्तीची रोपं काढता, तवा कोणतं रोप उपटता, ते साहेबाले सांगा."

"हे काय इचारता, बाबू? लाल दिसलं का उपटतो. लाल्या रोग पसरला तं सारं वावर जाते ना!"

भगवानरावांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे लाल रोपं मोजणीआधीच गेली! बरं, उरलेलं बी आणखी एक साल पेर. पण शेवटचं हं!"

पुढच्या पावसाळ्यात रुपीबाईनं एकेका जागी एकच बी टोबलं, आणि "रोपाले हात लावाल तं पाहा!" असा बायांना दम भरला. झाडं वाढली, मोजणी झाली. लालसर ३०८, हिरवी ९२. अन्सारनं दांडा फिरवला. मी उत्तर दिलं ते एकाच्याही आत! भगवानराव हसले आणि अन्सारची पाठ थोपटून निघून गेले.

रुपीबाई चिखलाचे पाय घेऊन दाराशीच उभी होती.

"बाबू, माह्यापायी तुमची नोकरी जाऊन राह्यलती. राह्यली ना आता?"

"राह्यली, रुपीबाई."

ती तिथंच उंबऱ्यावर बसली आणि पदरात तोंड घालून रडली.

आता माझ्या जागी विजेचं यंत्र आलंय. मी गोणपाटाखाली गंजत पडून आहे, वाईटही वाटतं. मित्रांनो, मला दोन थेंब तेल द्या, एवढंच मागणं. आणि एखादं उत्तर मनाजोगं आलं नाही, तर ते खोडू नका, कुणाला हाकलूही नका. आधी वावरात जाऊन विचारा.