तिया पानिंगचा ढीग

“ये, बस, पाणी घे, हे सगळं नंतर. आधी माझा ढीग कुठे गेला ते सांग, इंदाय,” तिया पानिंग म्हणाली.

मी दारातच उभी राहिले. ही माझ्या आईची धाकटी बहीण; आमच्याकडे मावशीला तिया म्हणतात आणि पोरीला इंदाय. वय एकाहत्तर, आणि आमच्या बाजूला तुलतुल मीठ करणारी आता ती एकटीच. बाकीच्या बायका गेल्या, त्यांच्या मुली हाँगकाँगला दुसऱ्यांची घरं पुसतात.

तिच्या चुलाणाशेजारची वाळू मोकळी पडली होती. सकाळपर्यंत तिथे पुरुषभर उंच ढीग होता. लाटांनी आणून टाकलेली लाकडं, झावळ्या, बांबूची मुळं, करवंट्या, महिनोन्महिने समुद्रात भिजून खारावलेलं सगळं. आम्ही त्याला डाग्सा म्हणतो. तिया पावसाळाभर वाकून वाकून तो वेचते. मग आठवडाभर रात्रंदिवस जाळते, जाळता जाळता वर समुद्राचं पाणी शिंपडत राहते. त्या राखेतून पाणी गाळून, नारळाचं दूध घालून आटवलं की दगडासारखी वडी निघते. गरम भातावर किसायची, वर तेलाचे चार थेंब. येत्या सोमवारी ती ढीग पेटवणार होती.

“मी डोळे दाखवायला बोटीनं इलोइलोला गेले, दुपारी परत आले तर हे,” ती म्हणाली. “कापितोल्योचा ट्रक आला होता म्हणे. कागद दाखवला. शेजारीण नको नको म्हणत होती, तर म्हणाले, नानाय, वरून हुकूम आहे. हुकूम कुणाचा ते बघ जरा. तू असतेस ना तिथे?”

असते. बावीस वर्षं कापितोल्योच्या, म्हणजे प्रांताच्या सरकारी कचेरीच्या, पर्यटन विभागात कारकून आहे. प्रांताचा किनारा किती किलोमीटर, आंबा किती गोड, चर्च किती जुनं, माणसं किती हसरी, हे दर वर्षी मीच लिहिते. यंदाच्या पुस्तिकेत ‘आमचे स्वच्छ पांढरे किनारे’ माझं आणि त्याखालचं ‘आमचे प्राचीन तुलतुल मीठ’ हेही माझंच. ढीग पेटवायच्या त्याच आठवड्यात, गुरुवारी, मनिलाहून चाळीस पाहुणे तेच मीठ बघायला येणार होते. त्यांच्यासाठी आमच्या ऑफिसनं आदेश काढला. ‘किनाऱ्यावर वाहून आलेली लाकडे, पाला व इतर कचरा तातडीने हटवावा.’ सही आमच्या विभागप्रमुख मॅम करिसाची होती. मजकूर माझा, कचरा हा शब्दही माझाच. ज्या मिठावर वाढले, ते कशापासून होतं हे लिहिताना मला आठवलंसुद्धा नाही.

मी तियाला हे सांगितलं.

“तुझ्या आईनं हेच मीठ विकून तुला कॉलेजात घातलं,” ती म्हणाली. “तिथे हे शिकवलं वाटतं. समुद्रानं दिलं तो कचरा.”

मी तडक कचरा डेपोवर गेले. ढीग तिथेच होता. हॉटेलांच्या प्लास्टिकसकट त्यांनी तो पेटवून दिला होता. काळा, घाणेरडा धूर येत होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण ओरडायचं कुणावर? फावडं धरणाऱ्या पोरांनी मी लिहिलेलंच वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅम करिसानं सगळं ऐकून घेतलं, फोनमधून मान वर न काढता.

“एवढंच ना? बांधकामावरच्या फळ्या पाठवते. धूर निघाला की झालं. साच्यात दुकानातलं मीठ थापून ठेवायला सांग. कुणाला कळतंय?”

“मॅम, डाग्सा समुद्रात महिनोन्महिने भिजावा लागतो.”

“पाहुणे गुरुवारी येतायत, लेर्मा.”

“हो, मॅम,” मी म्हणाले. बावीस वर्षांत जिभेला तेवढंच वळण लागलंय. स्वतःचीच शिसारी आली, तरी फळ्या आणि मिठाची दोन पोती घेऊन मी तियाच्या दारात गेले.

“ठेव तिकडे,” ती म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

गुरुवारी बस आली. चुलाण झाडून स्वच्छ केलेलं होतं, आत विस्तव नव्हता. फळ्यांना कुणी हात लावला नव्हता, पोत्यांची शिवणही उसवली नव्हती. तिया घरातल्याच झग्यात बसली होती, शेजारी मोठं पातेलं. केळीच्या पानाच्या एकेका तुकड्यावर तिनं वाफाळता भात वाढला आणि चाळीस जणांच्या हातात दिला. पाहुणे फोटो काढत मिठाची वाट बघत राहिले.

तिया आमच्या इलोंगो भाषेत बोलली. पाहुण्यांना ती येत नव्हती.

“लेर्मा, सांग ना त्यांना,” मॅम करिसा हसत, दातांवर दात ठेवून म्हणाली. “आज मीठ संपलंय म्हणते, एवढंच सांग. पुढच्या फेरीला नक्की.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“ती म्हणते, यंदा मीठ होणार नाही,” मी म्हणाले. “तुम्हाला किनारा स्वच्छ दिसावा म्हणून ज्यापासून मीठ होतं ते आमच्या ऑफिसनं उचलून जाळलं. तो आदेश मी लिहिला होता. हे शेवटचं ती बोलली नाही, मी सांगतेय.”

मॅम करिसाचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. तिनं सगळ्यांना बसकडे वळवलं. आंब्याच्या बागेची वेळ झाली होती. जाता जाता माझ्या कानाशी म्हणाली, “सोमवारी केबिनमध्ये ये.”

बस गेली. वाळूत टाकलेली पानं मी गोळा करायला लागले. बऱ्याच जणांनी दोन घास खाऊन भात तसाच ठेवला होता.

“ते राहू दे. बस,” तिया म्हणाली.

पातेल्याच्या तळाचा भात तिनं पानावर काढून माझ्यापुढे ठेवला. तेल नाही, मासा नाही, काही नाही. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती.

मी तो अळणी भात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. खाऊन होईपर्यंत ती समोरून हलली नाही.