एक स्टार आणि भरभरून कौतुक

मामांचं चष्म्याचं दुकान होतं आणि अन्यायाची चीड त्यांना उपजतच होती. अर्थात दुसऱ्यांनी केलेल्या अन्यायाची. फ्रेम ज्या भावाने दुकानात येई त्याच्या चौपट भावाने ती गिऱ्हाइकाच्या नाकावर बसे, पण तो काही अन्याय नव्हता, तो धंदा होता. "डोळ्यांचा प्रश्न आहे, इथे काटकसर करू नये," असं मामा इतक्या कळकळीने सांगत की गिऱ्हाइकाला आपल्याच कंजूषपणाची लाज वाटे आणि ते मुकाट्याने महागातली फ्रेम उचले.

दुकान बंद केलं की मामा व्हिडिओ गेम खेळत. पन्नाशी उलटली तरी खेळत. मामी म्हणे, "लोकांचे नवरे बाहेर भटकतात, माझा घरात बसून राक्षस मारतो. माझी काही तक्रार नाही." त्यांच्यासारख्याच पाठदुखीवाल्या, अर्धवट टकलाच्या खेळाडूंचा फोनवर एक गट होता. मामा त्याचे अध्यक्ष. निवडणूक झाली नव्हती, पण कुणी नाहीही म्हटलं नव्हतं, आणि अध्यक्ष व्हायला एवढं पुरतं.

मामांच्या थोरल्या बहिणीची, ताईची, मुलगी गेम बनवणाऱ्या एका कंपनीत होती, आणि या भाचीवर मामांचा जीव होता. यात थट्टा नाही. तिचा पहिला गेम ती त्यांच्याच मांडीवर बसून खेळली होती. राक्षस आला की घाबरून डोळे गच्च मिटायची आणि नुसत्या आवाजावरून सांगायची, "मामा, डावीकडून येतोय." तो खरंच डावीकडून यायचा.

त्याच कानांवर ती आता पोट भरत होती. गेममधला नायक चालतो तेव्हा त्याच्या पावलांचा जो आवाज येतो, तो काढणं हे तिचं काम. भिंतींना जाड गाद्या ठोकलेली एक बिनखिडकीची खोली, जमिनीवर पसरट खोके, कशात खडी, कशात वाळू, कशात वाळका पाला, आणि कडेला जुन्या बुटांची रांग. माइक लावायचा आणि पडद्यावरच्या नायकाकडे बघत त्याच्या चालीने जागच्या जागी चालायचं. बर्फ हवा असेल तर मक्याच्या पिठाची पिशवी दाबायची, चिखल हवा असेल तर भिजवलेल्या वर्तमानपत्रांचा लगदा तुडवायचा. हे सगळं इतकं बेमालूम जमायला हवं की खेळणाऱ्याला आवाज ऐकू आला हे कळताच कामा नये. थोडक्यात, काम उत्तम झालं की ते कुणी केलं असेल हा प्रश्नच पडत नाही, आणि हे मालक लोकांच्या चांगलंच पथ्यावर पडतं.

तर नव्या गेमची तारीख जवळ आली तेव्हा सगळे ताईकडे जेवायला जमले होते. कंपनीने त्याच दिवशी जाहीर केलं होतं की यापुढे किंमत दीडपट. कारणही दिलं होतं: आमच्या कलाकारांच्या मेहनतीला योग्य मोल मिळावे म्हणून.

"म्हणजे तुझा पगार वाढला," मामा म्हणाले.

"नाही."

"मग बोनस तरी?"

भाची हसली. "मामा, भाववाढीच्या त्या जाहिरातीत बूट धरलेले दोन हात आहेत ना, ते माझे आहेत. फोटो काढायला मात्र मोठा फोटोग्राफर बोलावला होता."

मामांचा घास हातातच राहिला. भाची पुढे सांगत होती की पगाराचं सोड, आमचं सगळंच अधांतरी आहे. आम्ही आवाजवाले कंत्राटावर. कंपनीची रीत अशी की गेम बाजारात आला की पहिल्या पंधरवड्यात साइटवर लोकांनी दिलेल्या स्टारची सरासरी काढायची. ती साडेचारच्या वर गेली तर टीम कायम, नाहीतर रामराम. तिने या टीमसाठी दुसरी चांगली नोकरी सोडली होती, घराचे हप्ते सुरू झाले होते, आणि मुख्य म्हणजे तिला हे काम मनापासून आवडत होतं.

ताईने हे ऐकलं. मामीनेही ऐकलं. मामांच्या कानात मात्र पहिला अर्धाच भाग गेला, कारण दुसरा अर्धा चालू असताना त्यांना स्वतःला बोलायचं होतं, आणि माणूस बोलायची वाट बघत असला की त्याला ऐकू येत नाही.

"लूट आहे ही," ते म्हणाले. "घाम तुमचा आणि मलई त्यांची. मी बघतो काय करायचं ते."

"तू काही बघू नकोस," ताई म्हणाली. "भाजी वाढू का?"

गेम आला त्या दिवशी मामांनी तो पूर्ण किमतीला विकत घेतला. एरवी ते सेल लागेपर्यंत वर्षभर खिशाला कुलूप लावून बसत, पण हा भाचीचा गेम होता. नायक एका पडक्या धक्क्यावरून चालत निघाला आणि मामांनी टीव्हीचा आवाज वाढवला. ओल्या फळ्या, सुट्या खिळ्यांची किरकिर, मग वाळू. मामांनी राक्षस बिक्षस सोडून दिले आणि नायकाला नुसतं इकडून तिकडे फिरवत राहिले. डोळे भरून आले होते. मामीने विचारलं तर म्हणाले, चष्म्याचा नंबर बदललाय.

आणि मग त्यांना ती किंमत आठवली.

त्यांनी साइट उघडली आणि लिहिलं: "गेम अप्रतिम आहे. त्यातही पावलांचा आवाज. नायक ओल्या लाकडावरून चालतो तेव्हा आपल्या तळव्यांना गारवा लागतो. ज्यांनी हे केलं त्यांच्या कानांना माझा सलाम. परंतु ही वाढीव किंमत त्यांच्या हातात पडत नाही. सबब मालकांच्या हावरटपणाला एक स्टार." खाली एक स्टार दाबला. कौतुक कलाकारांच्या पदरात, स्टार मालकाच्या डोक्यात. असा काटेकोर न्याय आजवर कुणाला सुचला नसेल असं मामांना वाटलं, आणि ते बरोबरच होतं.

गटावर त्यांनी फर्मान काढलं. सर्वांनी याच नमुन्यावर लिहावं. कौतुक भरभरून करावं, स्टार एकच द्यावा. सभासदांनी त्यांच्या ओळखीच्या गटांत ते पाठवलं, त्यांनी आणखी पुढे. अर्ध्या लोकांनी गेम घेतलाही नव्हता, पण साइटला त्याचं काही नव्हतं. एका सभासदाला डाव्या कानाने मुळीच ऐकू येत नव्हतं, त्यानेही पावलांच्या आवाजावर दोन परिच्छेद लिहिले. मामांच्या मूळ लिखाणावर तर साइटने "सर्वांत उपयुक्त अभिप्राय" असा शिक्का मारून ते सगळ्यांत वर टांगलं. मामा दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना ते फोनवर दाखवत, आणि चष्मा नसल्यामुळे ज्यांना वाचता येत नसे त्यांना वाचून दाखवत.

पंधरवडा सरत आला तेव्हा ताईचा फोन आला. मामा कुणाच्या तरी चष्म्याचा नंबर काढत होते.

"स्टार कुठे घसरलेत बघितलंस का," ताई म्हणाली. तिचा आवाज रडून बसलेला होता. "कोण मेले एकेक स्टार देत सुटलेत कळत नाही. माझ्या पोरीच्या पोटावर पाय देतायत."

"स्टारचा आणि पोरीच्या पोटाचा काय संबंध?"

"तू जेवायला होतास ना त्या दिवशी?"

मग तिने सगळं पुन्हा सांगितलं. या खेपेला मामांनी मध्ये तोंड घातलं नाही. समोर बसलेलं गिऱ्हाईक विचारत होतं, ही शेवटची ओळ वाचू का, आणि मामा म्हणाले, वाचा, नाही वाचली तरी चालेल.

स्वतःचा एक स्टार पुसून पाच करायला काहीच वेळ लागला नाही. पण गटावर त्यांनी "सभासदांनी आपापले स्टार तातडीने पाच करावेत" असं लिहिलं मात्र, आणि मोहोळ उठलं. अध्यक्षांना कंपनीने किती चारले, असं एकाने विचारलं. भाची तिथेच आहे ना त्यांची, दुसऱ्याने लिहिलं, वर्षभर तेच तर ऐकतोय आपण. मामांनी समजावून पाहिलं की खरा फटका कामगारांना बसतोय. त्यावर सभासदांनी त्यांना त्यांचंच भाषण परत पाठवलं. संध्याकाळपर्यंत मामा गटाबाहेर होते आणि डाव्या कानाचा सभासद अध्यक्ष झाला होता. एक स्टारवाले आता आणखी जोमाने लिहायला लागले, कारण आता त्यांना फितुरीचीही चीड होती.

भाचीला फोन करून सांगावं असं मामांना दर थोड्या वेळाने वाटे. केला नाही. खरं सांगायचं तर ते घाबरले होते.

दोन दिवसांनी कंपनीने माघार घेतली. "ग्राहकांचं म्हणणं आम्ही नम्रपणे ऐकलं आहे," असं म्हणून किंमत पूर्वीइतकी केली. पूर्वीच्या गटात फटाके, हार, नाचणाऱ्या बाहुल्यांची चित्रं यांचा पाऊस पडला असं कुणीतरी मामांना कळवलं. कंपनीच्या पत्रकाच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की किंमत उतरवल्यामुळे काही विभागांची फेररचना करण्यात येत आहे. तिथपर्यंत कुणी वाचलं नाही. तोवर सगळे स्वस्तात गेम घ्यायला गेले होते.

भाची दुकानात आली ती दुपारी. खांद्याला बुटांनी फुगलेली पिशवी होती. मामी गल्ल्यावर होती, ती उठली आणि भाचीला आपल्या खुर्चीवर बसवलं. मामा काउंटरमागे उभेच राहिले.

"शेवटच्या बैठकीत तुझं लिखाण, पहिल्याच आठवड्यात फोटो काढून ठेवलेलं, मोठ्या पडद्यावर लावलं होतं, मामा."

"माझं कशावरून?"

"सबब असा शब्द आता फक्त तू आणि कोर्ट वापरतं." ती थोडी हसली. मग हसणं गेलं. "साहेबांनी मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्या कामाबद्दल इतकं छान आजवर कुणी लिहिलं नव्हतं. शेजारची माझ्या पाठीवर थाप मारत होती. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मग साहेब म्हणाले, आता खाली बघा. आवाज एवढा आवडूनसुद्धा माणसाने एक स्टार दिलाय. म्हणजे आवाजावर खर्च करून काही फायदा नाही. असे हजारो अभिप्राय आहेत म्हणाले, सगळ्यांत कौतुक आहे, सगळ्यांत एकच स्टार आहे. याहून स्पष्ट काय हवं."

मामीने मामांकडे पाहिलं. तिला या लिखाणाची खबरच नव्हती.

"तू सांगायचं नाहीस का त्यांना, की ते तुझ्या मामाने लिहिलंय, तुझ्याचसाठी?" मामीने भाचीला विचारलं.

"काय सांगू? की आमच्या बाजूचे आहेत म्हणून एक स्टार दिलाय?"

"माझं चुकलं," मामा म्हणाले. आयुष्यात हे वाक्य त्यांनी फार वापरलं नव्हतं, त्यामुळे ते जरा अडखळत आलं. "फार चुकलं. मला वाटलं कुणीतरी वाचेल."

"वाचलं ना."

मामांना गलबलून आलं. मांडीवर बसून डोळे मिटणारी पोर समोर बसली होती आणि तिचे हप्ते थांबणार नव्हते. काहीतरी करायलाच हवं होतं, आत्ता, या क्षणी. ते काउंटरला वळसा घालून तिच्यापाशी आले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तू इथे ये. आपल्या दुकानात. दुसरं मिळेपर्यंत म्हण, कायमची म्हण. हे तुझंच आहे."

भाचीने मान वर केली. तिला हे अपेक्षित नव्हतं. चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला. "खरंच? मग पगार किती देशील, मामा? मला हप्त्याचा हिशोब करायचाय, म्हणून विचारते."

आणि तीस वर्षं दुकान चालवलेलं तोंड डोक्याच्या आधी उघडलं.

"पहिले सहा महिने शिकाऊ म्हणून कर," मामा म्हणाले. "गिऱ्हाइकांना तुझं काम कसं वाटतं ते बघू, मग पगाराचं ठरवू."

मामीने डोळे मिटून घेतले. मामांनाही आपण काय बोललो ते कळलं, पण शब्द बाहेर पडून गेले होते. ते "म्हणजे तसं नव्हे" असं म्हणायला लागले.

भाची रागावली नाही. तिने पिशवी उचलून खांद्याला लावली आणि उठली.

"विचार करून सांगते, साहेब," ती म्हणाली, आणि दुकानाची पायरी उतरली.