अवदसेची सरळ शिवण

मित्रांनो, माझे खरे नाव माझ्या अंगावरच्या पट्टीवर होते, पण ते कधीच पुसले गेले. कारखान्यात मला सगळे 'अवदसा' म्हणतात. मी एक जुनी शिलाई मशीन. कालपरवापर्यंत माझी जागा शेवटच्या रांगेत होती, संडासाच्या दाराशेजारी.

मी पहिल्यापासून अशी नव्हते बरे का! तरुणपणी मी खिडकीपाशी होते. सदऱ्याच्या कॉलरी शिवाव्यात तर माझ्यावरच, असे मशीन दुरुस्त करणारे मिस्त्रीकाका अभिमानाने सांगत. त्या शिवणाऱ्या बाईंना सगळे कॉलरताई म्हणत. त्यांचा हात असा, की धावताना मला कधी दम लागला नाही. पुढे दोरा पकडणारा माझा हूक झिजला आणि टाके सुटू लागले. काका नवा हूक बसवायला निघाले, तर सुपरवायझर म्हणाला, "राहू दे तशीच. उपयोगाला येईल."

कसल्या उपयोगाला, ते लवकरच कळले. जी बाई उलट बोलेल, तिची रवानगी माझ्याकडे! माझ्यावर शिवलेला माल तपासणीतून परत यायचा, मग बाई गप्प बसायची किंवा आपणहून काम सोडायची. साप मरावा, पण काठी मोडू नये, तशी ही युक्ती.

एक दिवस माझ्याकडे कॉलरताईच आल्या. शिवण बघण्याच्या निमित्ताने सुपरवायझर त्यांच्या मानेवर हात ठेवायचा. दोनदा बजावूनही ऐकेना, तेव्हा ताईंनी तक्रार समितीकडे तक्रार केली. माझ्यासमोरच्या भिंतीवर मोठा फलक होता: तक्रार केली म्हणून कामगाराला त्रास देणे कायद्याविरुद्ध आहे. नेमके त्याच फलकाकडे तोंड करून ताईंना बसवले. कायदा भिंतीवर आणि ताई अवदसेवर!

माझ्या चाकावरून हात फिरवत ताई म्हणाल्या, "ओळखलंस ना गं? जरा सांभाळून घे बाई. घरी सासू अंथरुणाला खिळलीये, पोरीची शाळा आहे. ही नोकरी गेली तर आम्ही खायचं काय?"

मी जिवाचे रान केले हो! पण झिजलेल्या हुकाला माया कळत नाही. परत आलेल्या कॉलरींचा ढीग ताईंच्या पायाशी वाढत गेला. ताई काकुळतीला आल्या, "काका, एक हूक बदलून द्या ना." काका मान खाली घालून म्हणाले, "पोरी, मला वरून मनाई आहे. मलाही पोट आहे गं."

काम खराब म्हणून ताईंना काढायचे ठरले. त्यांनी समितीला विनवले, "मला मुद्दाम बिघडलेल्या मशीनवर बसवलंय. एकदा येऊन बघा." समितीने होकार दिला, तेव्हा किती दिवसांनी ताई हसल्या!

समिती येण्याच्या आदल्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. सुपरवायझर काकांना घेऊन आला. काकांनी मला नवा हूक बसवला, तेल घातले, पुसून लख्ख केले.  मी वेडी, आनंदाने फुलून गेले. वाटले, सुटल्या माझ्या ताई!

दुसऱ्या दिवशी समितीतल्या बाईंनी माझ्यावर कापड चालवून पाहिले. आयुष्यातली सर्वांत सरळ शिवण मी त्या दिवशी घातली.

"मशीन तर उत्तम चालतीये," बाई म्हणाल्या.

"अहो, परवापर्यंत टाके सुटत होते! काका, तुम्ही तरी सांगा ना!"

काकांनी चष्मा काढला आणि तो पुसतच राहिले. मला ओरडावेसे वाटले, एक तरी टाका सोडावासा वाटला. पण दुरुस्त मशीनला टाका सोडता येत नाही.

संध्याकाळी ताईंनी आपली कात्री पिशवीत टाकली. जाताना मला म्हणाल्या, "बरी झालीस हो. बरं झालं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, हेच मला सहन होत नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांची निगा जरूर राखा. पण मशीन चांगली चालते का, एवढेच विचारून जाऊ नका. ती कधी दुरुस्त केली, कोणी केली, तेही विचारा. आता मी पुन्हा खिडकीपाशी आहे. माझ्यावर एक नवी मुलगी बसते आणि शिवण बघायला सुपरवायझर तिच्या मागे येऊन उभा राहतो.