तेराचं अ‍ॅव्हरेज

० किलोमीटर.

लातूरच्या पंपावर आप्पासाहेब स्वतः पिकअप गदागदा हलवत होते. हवा निघावी, फेस बसावा, टाकी गळ्यापर्यंत भरावी म्हणून. भूकंपाच्या साली पत्रे वाहायला घेतलेली गाडी. दहा वर्षांनी आता ती त्यांच्या होस्टेलसाठी, क्लासला आलेल्या पोरींसाठी, लोखंडी कॉट वाहते. ड्रायव्हर तेव्हाही भागवत, आताही भागवतच.

"कंपनी लिटरला चौदा सांगती, तू नऊ दाखवतोस," आप्पासाहेब शेजारी बसत म्हणाले. "डिझेल गाडी खाती का तू पितोस, ते नांदेडला कळंल. गाडी खात असंल तर उद्याच भंगारात."

भागवतनं गाडी सुरू केली. गाडी गेली की ड्रायव्हर कशाला हवा? आणि ड्रायव्हर गेला की होस्टेलमधली त्याच्या आरतीची फुकटची कॉटही गेली. पोरीची बारावी चार महिन्यांवर.

७० किलोमीटर.

गाडी वाचवायची, एवढंच त्यानं ठरवलं. कॉट नांदेडहून आणायच्या होत्या, म्हणून जाताना हौदा रिकामा. काटा चाळीसच्या वर नाही. उतार दिसला की न्यूट्रल. म्हशी आडव्या आल्या तरी ब्रेक नाही, नुसता हॉर्न.

"अरे, सायकलवाला पुढं गेला की!"

"इंजन तापायलंय, मालक."

१४० किलोमीटर. नांदेड.

पुन्हा हलवाहलवी, पुन्हा गळ्यापर्यंत. आप्पासाहेबांनी तळहातावर पेनानं भागाकार केला. तेरा.

भागवतला हसूच फुटलं. वाचली!

आप्पासाहेब हसले नाहीत.

"म्हंजे दहा वर्षं तू पीत होतास."

(इथं भागवतनं बोलायला हवं होतं: लातूर उंचावर, नांदेड गोदावरीच्या काठी, येताना रस्ता उतरतच येतो. गाडी रिकामी होती. मी न्यूट्रलवर घरंगळत आणली. भरल्या गाडीनं परत जाताना मोजा, नऊच भरेल.

नऊ म्हणजे भंगार.)

"बोल की. तोंड शिवलंय का?"

"चुकलं, मालक."

"काढत न्हाई तुला. पोरीचं वर्ष हाय. पण इथून पुढं तेरा. जाता-येता, रोज. एकानं खाली आलं, की बापलेक दोघं बी बाहेर."

एवढं बोलून ते बसस्टँडकडं गेले. कुण्या पाहुण्याकडं जायचं होतं त्यांना.

परत.

मागं वीस कॉट, पुढं चढ. दुसऱ्या गिअरमध्ये पिकअप धापा टाकत होती. न्यूट्रल मारायला उतारच नाही; लातूरला टाकी भरून मोजली की नऊच निघणार. लोह्याच्या अलीकडं एक पंप आला. भागवतनं गाडी बाजूला घेतली आणि बनियनच्या खिशातून आरतीच्या पुस्तकांसाठी ठेवलेली नोट काढली.

"ह्या नोटंत येईल तेवढं टाका."

पंपवाल्यानं नळी लावली. "पावती कुणाच्या नावानं करू, काका?"

"पावती नगं."